दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीचं कोडं: २३ लाख फाइली हलवताना सिंकथिंग

माझं काम बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह सांभाळण्याचं. कुणीतरी दोन-अडीच तास बोलतं, आम्ही ते मुद्रित करतो, मग वाक्यावाक्यावर तोडतो आणि प्रत्येक तुकड्याशेजारी त्याचं लेखन ठेवतो. त्यामुळे आमच्याकडे थोड्या प्रचंड मोठ्या फाइली आहेत आणि लाखो चिमुकल्या. सगळं मिळून ९ टीबी, २३ लाखांवर फाइली, १ लाख ४० हजार फोल्डर. बोललेल्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. हरवलेली फाइल पुन्हा मुद्रित करता येत नाही. माझी पुढची सगळी मतं या एका गोष्टीतून आली आहेत.

जुन्या साठवण-यंत्रातल्या डिस्क थकल्या होत्या. सगळा संग्रह नव्या लिनक्स सर्व्हरवर न्यायचा होता आणि काम बंद ठेवता येणार नव्हतं. आम्ही चौघं रोज नवे तुकडे करतो, जुनं लेखन दुरुस्त करतो. कॉपी करायला कितीही वेळ लागला तरी हरकत नव्हती, पण ती चालू असतानाच मूळ बदलत राहतं. म्हणून नुसती कॉपी पुरत नाही, सिंक लागतं, म्हणजे एका बाजूचा बदल दुसरीकडे आपोआप पोहोचत राहणं.

सिंकथिंग या सिंक सॉफ्टवेअरकडे मी वळले ती एका धक्क्यानंतर. आधी आम्ही दुसरं एक विकतचं सॉफ्टवेअर वापरत होतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही. एका सकाळी जुनं यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यातली एक डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे यंत्राला जोडली गेली नाही. ती जिथं जोडली जाते ते फोल्डर मात्र जागच्या जागी होतं, रिकामं. सॉफ्टवेअरला दिसलं ते असं: काल इथं ४ लाख फाइली होत्या, आज एकही नाही. म्हणजे यांनी त्या पुसल्या. आणि ते पुसणं त्यानं दुसऱ्या बाजूला पोहोचवायला सुरुवात केली. माझ्या सहकारणीनं पडदा पाहून वायर काढली तोवर तिकडच्या पावणेदोन लाख फाइली गेल्या होत्या. न जोडली गेलेली डिस्क शाबूत होती, म्हणून सगळं परत मिळालं. पण ती डिस्क त्याच वेळी निकामी झाली असती तर काय, हा विचार करत मी त्या रात्री जागी होते.

त्यानंतर कुठलंही सिंक सॉफ्टवेअर पाहताना माझा पहिला प्रश्न वेगाचा नसतो. शंका आली की ते थांबतं का, एवढंच मी आधी बघते.

सिंकथिंग थांबतं. याकोब बोर्ग यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, गो भाषेत लिहिलेलं. मधे कुणाचा क्लाउड नाही. दोन यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. ज्या फोल्डरचं सिंक करायचं त्यात ते सुरुवातीलाच एक खूणफोल्डर तयार करतं, नाव डॉट-एसटीफोल्डर. प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी ते ही खूण शोधतं. खूण दिसली नाही की फोल्डर लाल होतं, खूण हरवल्याचा संदेश येतो आणि पुढचं सगळं बंद. डिस्क माउंट झाली नसेल तर रिकाम्या फोल्डरात खूण कुठून असणार? त्यामुळे तो रिकामेपणा "पुसलं" म्हणून पुढे जातच नाही. मी हे नुसतं वाचून विश्वास ठेवला नाही. चाचणीचं छोटं फोल्डर केलं, मुद्दाम डिस्क काढली, यंत्र पुन्हा सुरू केलं. लाल झालं. डिस्क जोडली, हिरवं झालं. पलीकडे एक फाइलही हलली नाही. पुढे स्थलांतराच्या चौथ्या आठवड्यात हे खरोखरच घडलं, आणि तेव्हाही निकाल हाच.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. ही खूण हरवल्याचा संदेश आला की बरेच जण ते फोल्डर हातानं पुन्हा तयार करतात, म्हणजे लाल रंग जातो. तसं करू नका. खूण का गेली हे कळेपर्यंत त्या फोल्डरला हात लावू नका. ती खूण हातानं ठेवणं म्हणजे "हो, हे रिकामं फोल्डरच खरं आहे" असं सॉफ्टवेअरला सांगणं.

आता वेगाबद्दल, कारण पहिल्या आठवड्यात मनस्ताप झाला तो त्यापायी. सिंकथिंग प्रत्येक फाइलचे ठोकळे करतं, फाइलच्या आकारानुसार १२८ केबीपासून १६ एमबीपर्यंतचे, आणि प्रत्येक ठोकळ्याचा शा-२५६ हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुराचा छोटा ठसा, काढून आपल्या डेटाबेसात ठेवतं. म्हणजे एक बाइटही पाठवण्याआधी त्याला सगळाच्या सगळा संग्रह एकदा वाचावा लागतो. सेकंदाला १५० एमबी वाचणारी डिस्क धरली तरी ९ टीबी वाचायला सतरा तास होतात, आणि तेही सगळं सलग असेल तर. लाखो चिमुकल्या फाइलींवर डिस्कचं डोकं उड्या मारत राहतं. आमचं पहिलं स्कॅन साडेतीन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी मला वाटलं अडकलंय, मी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. हॅश झालेल्या फाइली डेटाबेसात राहतात, त्यामुळे केलेलं वाया जात नाही, पण सगळी फोल्डरं पुन्हा पहिल्यापासून चालत जावी लागतात. दोनदा बंद केलं नसतं तर निदान अर्धा दिवस वाचला असता.

नंतर दोन बदल केले आणि फरक पडला. सगळा संग्रह एकाच फोल्डरात देण्याऐवजी वर्षांनुसार नऊ फोल्डर केली, आणि एका वेळी एकाच फोल्डरचं स्कॅन होईल अशी मर्यादा घातली; फिरत्या डिस्कवर नऊ स्कॅन एकदम चालली तर कुणाचंच पुढे सरकत नाही. दुसरं, सिंकथिंगचा डेटाबेस एसएसडीवर हलवला. २.० आवृत्तीपासून हा डेटाबेस एसक्यूलाइट आहे, पूर्वी लेव्हलडीबी होता. २३ लाख नोंदींचा डेटाबेस थकलेल्या डिस्कवर ठेवायचा आणि त्याच डिस्कवरून फाइली वाचायच्या, म्हणजे एकाच माणसाला दोन दारांवर उभं करायचं.

पहिली मोठी खेप सिंकथिंगनं पाठवायचीच नाही, हा मी घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय. ती आर-सिंकनं पाठवली. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं हे साधन १९९६ सालचं, आणि एकदिशा ढिगारा हलवायला माझ्या मते आजही त्याच्यासारखं दुसरं नाही. आकार आणि बदलाची वेळ दोन्ही जुळले की ते फाइल सोडून पुढे जातं, म्हणून मधेच तुटलं तरी पुन्हा चालवायला भीती नाही. अट एकच: आर्काइव्ह पर्याय लावायचाच, म्हणजे फाइलींच्या वेळा जशाच्या तशा जातात. वेळा बदलल्या तर आतला मजकूर तोच असूनही पुढे सिंकथिंगला त्या फाइली वेगळ्या दिसतात आणि लाखोंची रांग विनाकारण लागते. आणि मूळ फोल्डरच्या नावामागची तिरपी रेघ. ती असेल तर फोल्डरच्या आतलं सामान जातं, नसेल तर फोल्डरसकट जातं. नऊपैकी एका फोल्डरला मी ती रेघ विसरले आणि नव्या सर्व्हरवर फोल्डरच्या आत त्याच नावाचं फोल्डर झालं. सुदैवानं ड्राय रनमध्येच, म्हणजे काहीही न हलवता केलेल्या रंगीत तालमीत, दिसलं. ड्राय रन आधी, तोही काय काय बदलेल याची यादी मागवून. दर वेळी.

आर-सिंक संपताना जो क्रमांक देतं तो वाचायला शिका. २४ आला तर यादी केल्यानंतर आणि पाठवण्याआधी काही फाइली मूळ जागेवरून गेल्या. चालू कामाच्या संग्रहात हे होणारच. २३ आला तर काही फाइली पोहोचल्याच नाहीत, आणि का ते वर छापलेलं असतं. आमच्याकडे पहिल्या खेपेला ४० पानांचा निकाल आणि शेवटी २३. मी ती ४० पानं वाचली. बहुतेक परवानग्यांचे प्रश्न होते, दहा मिनिटांत सुटले. पण ते न वाचता पुढे गेले असते तर एक अख्खं फोल्डर मागे राहिलं असतं.

मग दोन्ही बाजूंना सिंकथिंग लावलं. दोघांनी आपापल्या फाइलींचे हॅश काढले, जुळवले, आणि नऊ टीबीपैकी जेमतेम साठ जीबी प्रत्यक्ष पाठवावं लागलं. जुन्या बाजूला "फक्त पाठवणारं" आणि नव्या बाजूला "फक्त घेणारं" असा प्रकार निवडला होता, म्हणजे नव्या सर्व्हरवर कुणी चुकून काही बदललं तरी ते उलटं येऊन मूळ बिघडवणार नाही. नव्या बाजूला टप्प्याटप्प्यानं जुन्या प्रती ठेवणारी व्यवस्थाही चालू केली. ती घेणाऱ्या बाजूलाच लावायची असते, कारण दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांच्याच जुन्या प्रती ती ठेवते. त्याच यंत्रावर बसून तुम्ही स्वतः पुसलेल्या फाइलीचं रक्षण ती करत नाही.

"फक्त घेणारं" फोल्डर असलं की स्थानिक बदल मागे घेण्याचं एक बटण दिसतं. त्या बटणाबद्दल माझी तक्रार आहे. ते काही दुरुस्त करण्याचं बटण वाटतं. प्रत्यक्षात नव्या सर्व्हरवर ज्या फाइली भर म्हणून आलेल्या असतील त्या ते पुसतं. काय काय पुसलं जाईल त्याची यादी तिथं उघडून बघता येते. ती बघितल्याशिवाय ते बटण दाबू नये, आणि यादी बटणाच्या आधी स्वतःहून समोर आली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात वेगळीच कुरकुर सुरू झाली. सहकारी म्हणाला, "मी सकाळी टाकलेले तुकडे तिकडे दिसतच नाहीत." मी बघायला गेले तर होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी त्याला वेळ टिपून ठेवायला सांगितलं. काही फोल्डरांत फाइल दहा-पंधरा सेकंदांत पोहोचत होती, काहींत साधारण तासाभरानं. हा "तास" हाच धागा होता. सिंकथिंग दोन प्रकारे बदल ओळखतं: लिनक्सच्या इनोटिफाय सोयीनं फोल्डरांवर नजर ठेवतं, आणि शिवाय दर ३,६०० सेकंदांच्या आसपास सगळं पुन्हा तपासतं. नजर प्रत्येक फोल्डरवर वेगळी लागते आणि एका वापरकर्त्याला किती नजरा मिळतील याला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मर्यादा आहे. जुन्या कर्नलांमध्ये ती ८,१९२ असायची, ५.११ पासून ती मेमरी पाहून ठरते. जुन्या यंत्राचं कर्नल जुनंच, आणि आमची फोल्डरं १ लाख ४० हजार. ज्या फोल्डरांना नजर मिळाली नाही त्यांच्या वाट्याला तासाची फेरी आली. कर्नलच्या सेटिंगमध्ये (sysctl) ती मर्यादा ५,२४,२८८ केली, सिंकथिंग पुन्हा सुरू केलं, कुरकुर संपली. प्रत्येक नजर कर्नलची साधारण एक केबी मेमरी खाते, तेवढी शिल्लक आहे ना हे आधी बघावं. सिंकथिंग या अडचणीचा इशारा देत होतं. मी तो पहिल्या दिवशी पाहिला होता आणि त्याचा अर्थ न लावता बाजूला सारला होता.

वेगाचं अजून एक कारण झटकन सांगते. एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपकडून फाइली गोगलगायीसारख्या येत होत्या. जोडणीच्या तपशिलात "रिले" लिहिलेलं होतं. दोन यंत्रांना थेट वाट सापडली नाही की सिंकथिंग मधल्या रिले सर्व्हरवरून जातं. मजकूर कूटबद्धच असतो, पण वेग पडतो. राउटरवर २२००० हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडल्यावर थेट जोडणी झाली. मोठं स्थलांतर असेल तर सुरुवातीलाच हा शब्द शोधा.

आता ज्या कोड्यानं माझे पाच दिवस घेतले ते.

तिसऱ्या आठवड्यात एका फोल्डराचा टक्का ९९वर येऊन थांबला. पुढे हलेना. अडलेल्या फाइलींची यादी उघडली, सतराशेच्या वर नावं. नावांच्या एन्कोडिंगचा दुसऱ्या फाइलीशी टकराव, असा काहीसा संदेश. कुठल्या दुसऱ्या फाइलीशी? मी फोल्डर उघडून पाहिलं तर एकाच नावाच्या दोन-दोन फाइली शेजारीशेजारी. डोळ्यांना अक्षरन् अक्षर सारखी. एका फोल्डरात एका नावाच्या दोन फाइली असू शकत नाहीत हे आपण गृहीतच धरतो, आणि त्या समोर दिसत होत्या.

दोन दिवस मी परवानग्या, डिस्क, आवृत्ती असं काहीबाही तपासत राहिले. मग ती सतराशे नावं छापून घेतली आणि फक्त वाचत बसले. आमच्या फाइलींची नावं मराठीत असतात: "पहिल्या बैठकीतील संभाषण", "दुसऱ्या बैठकीतील संभाषण" अशी. वाचता वाचता जाणवलं की यादीत पहिली बैठक नाहीच. चौथी नाही, पाचवी नाही. आहे ती फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीची. सगळ्या बोलींची, सगळ्या वर्षांची, पण दुसरी आणि तिसरीच. शिवाय "वाऱ्याचे शब्द" होतं, "पायऱ्या" होतं. पहिल्या, चौथ्या, पाचव्या यांत जे नाही आणि दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्याचे, पायऱ्या या सगळ्यांत जे आहे ते एकच: ऱ.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ऱ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. पण तेच अक्षर र, म्हणजे ०९३०, आणि त्यामागे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, ०९३सी, असं दोन क्रमांकांनीही लिहिता येतं. युनिकोडच्या दृष्टीनं दोन्ही लेखनं समान आहेत: पहिलं जोडलेलं रूप, दुसरं सुटं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं साठवताना नेमानं सुटं रूप करते. लिनक्सची ईएक्सटी४ काहीच करत नाही. दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवते आणि वेगळे बाइट म्हणजे वेगळं नाव. मराठीच्या रोजच्या अक्षरांपैकी असं दुभंगणारं ऱ हे एकच आहे. म्हणून पहिली बैठक सुखरूप आणि दुसरी अडकलेली.

हे कसं झालं तेही मग उलगडलं. काही वर्षांची मुद्रणं एका जुन्या मॅकच्या डिस्कवर होती. ती मी आर-सिंकनं नव्या सर्व्हरवर आणली तेव्हा नावांचं रूप बदलण्याचा पर्याय, आयकॉन्व्ह, लावला नव्हता, त्यामुळे नावं सुट्या रूपात आली. नंतर त्याच मॅकवर सिंकथिंग बसवलं. सिंकथिंग मॅकवरची नावं पाठवताना जोडलेल्या रूपात करूनच पाठवतं, म्हणून त्याच फाइली जोडलेल्या रूपातही येऊन बसल्या. लिनक्सवर सुट्या रूपातलं नाव दिसलं तर सिंकथिंग आपण होऊन ते जोडलेल्या रूपात बदलतं. पण त्या नावाची फाइल आधीच तिथं असेल तर एकावर दुसरी लिहिण्याऐवजी ते तक्रार नोंदवून थांबतं. पुन्हा तेच, थांबणं. नावं आपल्याला सारखी दिसत होती, आतला मजकूर सारखा आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं अंदाज केला नाही. हे कळलं तेव्हा मला या सॉफ्टवेअरबद्दल खरी आपुलकी वाटली.

दुरुस्ती अशी केली. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही फाइलींचे शा-२५६ काढले. सारखे आले त्यांतली सुट्या रूपाची प्रत वेगळ्या जागी हलवली. जिथं सुट्या रूपातली फाइल एकटीच होती तिथं कॉन्व्हएमव्ही नावाच्या छोट्या साधनानं नाव जोडलेल्या रूपात केलं. हे साधन तुम्ही स्पष्टपणे सांगेपर्यंत फक्त काय बदलेल ते दाखवतं, काही बदलत नाही. अशी साधनं मला मनापासून आवडतात. मॅककडून आर-सिंक करणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला माझं सांगणं: आयकॉन्व्हचा पर्याय पहिल्याच दिवशी लावा, आणि चाचणीसाठी "दुसऱ्या" नावाची एक फाइल ठेवा.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण ऱ्य लिहायची तिसरीही एक रीत आहे: र, हलन्त, मग अदृश्य जोडचिन्ह, मग य. काही जुन्या कळफलकांवर तसंच उमटतं. पडद्यावर तेच दिसतं, पण युनिकोडच्या हिशेबी हे लेखन आधीच्या दोघांशी समान नाही, त्यामुळे कुठलंही रूपांतर त्याला जुळवून घेत नाही. सिंकथिंगच्या दृष्टीनं ती सरळ निराळी फाइल, तक्रारही नाही. अशा जोड्या मला स्वतः शोधाव्या लागल्या, सगळ्या नावांतून ते अदृश्य चिन्ह काढून जी दोन नावं एक होतात ती निवडून. ९४ सापडल्या.

नावांचीच आणखी एक अडचण, लांबीची. एका विंडोज लॅपटॉपवरून येणाऱ्या २१४ फाइली "नाव फार लांब" म्हणून अडल्या. लॅपटॉपवर त्या व्यवस्थित होत्या, कारण विंडोजची एनटीएफएस फाइलव्यवस्था नावाला २५५ एकक देते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथं एक एकक धरलं जातं. ईएक्सटी४ची मर्यादाही २५५च, पण बाइटची. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना-मात्रा-हलन्त सगळी वेगळी चिन्हं. "मासिकाच्या" हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, आत दहा चिन्हांचा, डिस्कवर तीस बाइटांचा. म्हणजे २५५ बाइटांत ८५ चिन्हं. आमच्यातल्या एका मेहनती मुलीनं बोलणाऱ्याचं वय, विषय, बैठक, ठिकाण सगळं नावातच लिहायची शिस्त पाळली होती, तिच्याच फाइली अडल्या. तिची शिस्त चुकीची नव्हती. आम्ही तो तपशील शेजारच्या मजकूर-फाइलीत नेला आणि नावं आखूड केली. फोल्डरावर ईक्रिप्टएफएस या कूटबद्ध करणाऱ्या व्यवस्थेचं कुलूप असेल तर मर्यादा आणखी खाली, १४३ बाइट; म्हणजे देवनागरीची ४७ चिन्हं.

सगळं हिरवं झाल्यावर मी आणखी एक आठवडा घेतला आणि त्याबद्दल मला थोडं बोलणं ऐकावं लागलं. पण सिंकथिंगचं "अद्ययावत" म्हणजे त्याच्या डेटाबेसाप्रमाणे दोन्ही बाजू जुळतात, एवढंच. दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी प्रत्येक यंत्रावर वेगळी असते, ती आपोआप पलीकडे जात नाही, आणि त्या यादीतलं काहीही मोजलं जात नाही. शिवाय एकदा हॅश झालेल्या फाइलीचा आकार आणि वेळ बदलली नसेल तर सिंकथिंग ती पुन्हा वाचत नाही. डिस्कवर बाइट सडले तर त्याला कळणार नाही. म्हणून दोन्ही बाजूंना सगळ्या फाइलींचे शा-२५६ स्वतंत्रपणे काढून याद्या जुळवल्या. २३ लाखांत ७ फाइली वेगळ्या निघाल्या. सातही जुन्या डिस्कवर बिघडलेल्या होत्या. कपाटातल्या तिसऱ्या प्रतीशी ताडल्यावर नव्या सर्व्हरवरच्या बरोबर ठरल्या. त्या आठवड्याबद्दल मला आता कुणी काही म्हणत नाही.

कुणी घ्यावं? काम चालू ठेवून संग्रह हलवायचा असेल, दोन्ही टोकांना तुमचं नियंत्रण असेल आणि संदेश वाचायची तयारी असेल तर सिंकथिंग जरूर घ्या, पण पहिली खेप आर-सिंकनं पाठवून मग. सगळं एकदाच उचलून न्यायचं असेल तर आर-सिंक एकटं पुरेल. हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाइलीची अनेक नावं, जपायच्या असतील तर सिंकथिंग ते करत नाही. फाइलींची मालकी जपण्याची सोय आता आहे, पण ती चालू करावी लागते. सिंकथिंगमध्ये आर-सिंकसारखा ड्राय रन नाही, ही मला जाणवलेली सगळ्यात मोठी उणीव. "आता जोडलंस तर या या फाइली बदलतील" असं आधी सांगणारा एक पडदा असता तर पहिल्या दिवशी माझे हात थरथरले नसते. आणि याला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल पलीकडेही पुसली जाते. आमची तिसरी प्रत सिंकबाहेर, कपाटात, न जोडलेली असते आणि तशीच राहील.

जुनं यंत्र अजून चालू आहे, फक्त वाचण्यापुरतं. त्या ९४ जोड्यांपैकी ८३ हुबेहूब सारख्या निघाल्या. उरलेल्या ११ जोड्यांत आवाज तोच, पण एकीत कुणीतरी सुरुवातीची शांतता कापली आहे, एकीत शेवटचं वाक्य जास्त आहे. कुठली ठेवायची हे कुठलंही सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. रोज संध्याकाळी दोन्ही शेजारीशेजारी लावून ऐकते. सात झाल्या, चार राहिल्यात.